उशाशी ठेवायचं वायफाय घड्याळ: आमच्या घरातला रिव्ह्यू

सुरुवातीलाच निकाल सांगून टाकतो म्हणजे ज्यांना घाई आहे ते मोकळे. घड्याळ घेण्यासारखं आहे, पण पार्सलमधून जसं येतं तसं उशाशी ठेवायच्या कामाचं नाही. त्यात दीड-दोनशे रुपयाचा अजून एक पार्ट घालावा लागतो आणि घरात नाहीतर गल्लीत एक तरी पोरगं असं पाहिजे ज्याला लॅपटॉपला केबल जोडून कोड चढवायची भीती वाटत नाही. तसं कोण नसेल तर बाजारात, आमच्या बेळगावात म्हणजे खडेबाजारात, जाऊन साधं सेलवरचं गजराचं घड्याळ घ्या आणि निवांत झोपा. टोमणा नाही हा, खरंच सांगतोय.

आता वस्तू काय आहे ते. तळहाताएवढा डबा, पुढं 2.8 इंची रंगीत टच स्क्रीन, मागं यूएसबीची केबल, आत छोटा स्पीकर. वायफायला जोडलं की टाइम आपोआप बरोबर लागतो, हवामान दिसतं, गजर लावता येतो, आणि सगळ्यात मोठी जाहिरात म्हणजे 'फुल्ली हॅकेबल', म्हणजे कोड गिटहब ह्या कोड ठेवायच्या साइटवर उघडा ठेवलाय, पाहिजे तसा बदला. ऑनलाइन मागवलं, 2,400 च्या आसपास पडलं. विकणाऱ्याचं नाव लिहीत नाही कारण असली घड्याळं बरेच जण विकतात आणि डबा वेगळा असला तरी आतला माल बहुतेक तोच असतोय. मागचे चार स्क्रू काढले की पिवळा बोर्ड दिसतो, ईएसपी32 नावाच्या वायफायवाल्या चिपचा, ज्याला हौशी लोक 'चीप यलो डिस्प्ले' म्हणतात. स्क्रीन 320 बाय 240 ची, मेमरी कार्डाचा स्लॉट आहे, उजेड ओळखणारा सेन्सर आहे. नुसता बोर्ड घेतला तर बराच स्वस्त मिळतो, म्हणजे जास्तीचे पैसे डब्याचे आणि 'हॅकेबल' ह्या शब्दाचे.

मी उद्यमबागेत एका वर्कशॉपला सीएनसी मशीन चालवतो, शिफ्ट बदलत असते, त्यामुळं गजर ही माझ्यासाठी हौस नाही, पगार कापला जातो. मोबाईलचा गजर मला नको होता कारण मोबाईल उशाशी आला की झोपायच्या आधी अर्धा तास त्यातच जातो हे सगळ्यांना माहीत आहे. पण घड्याळ शेवटी गेलं आईच्या खाटेजवळ, कारण आईनं बघितलं आणि म्हणाली, "हे माझ्याकडं असू दे, मला रात्री टाइम दिसत नाही." त्यामुळं हा रिव्ह्यू खरं तर तिच्या हिशोबानं आहे. तिला हॅक वगैरे शब्दाशी काही घेणंदेणं नाही. माझा भाचा व्हीटीयू विद्यापीठाच्या एका कॉलेजात इंजिनीअरिंग करतोय, त्याला उलट फक्त तेवढ्यातच घेणंदेणं आहे. दोघांच्या मधे मी.

पहिली रात्र बरी गेली. मग एका रात्री पाऊस आला, लाईट गेली, आता आमच्याकडं जून-जुलैत लाईट जाणं ह्यात बातमी काहीच नाही. अडीच-तीनच्या सुमारास लाईट आली आणि त्याच क्षणी घड्याळ जोरात बोंबलायला लागलं. आई उठून बसली, तिला वाटलं साडेपाच वाजले, ती सरळ बंब पेटवायला निघाली. मी जाऊन बघतो तर स्क्रीनवर पहाटेचे 5:30, तारीख 1 जानेवारी 1970.

मला वाटलं वस्तू बिघडली. भाच्याला फोटो पाठवला तर तो सकाळी हसायला लागला, "मामा, बिघडलं नाही, ह्यात आरटीसीच नाही की." आरटीसी म्हणजे लाईट गेली तरी टाइम धरून ठेवणारा पार्ट. त्याचं म्हणणं असं. कॉम्प्युटरच्या जगात वेळ 1 जानेवारी 1970 च्या मध्यरात्रीपासून सेकंदात मोजतात, ग्रिनिचच्या वेळेप्रमाणं. ह्या घड्याळाला स्वतःची वेळ लक्षात ठेवायला काही नाही, लाईट गेली की डोकं कोरं. लाईट आली की ते दोन-चार सेकंदात चालू होतं, पण आपला फायबरचा डबा आणि राउटर चालू व्हायला दोन-तीन मिनिटं घेतात, तोवर इंटरनेटवरून टाइम आणायचा कुठून, म्हणून ते शून्यापासून मोजायला सुरुवात करतं. आणि शून्य म्हणजे ग्रिनिचला मध्यरात्र, पण भारतात साडेपाच तास पुढं, म्हणजे पहाटेचे बरोबर साडेपाच! आईचा गजर साडेपाचचा. कोडमधे गजर फक्त तास आणि मिनिट बघतो, साल बघत नाही. म्हणजे भारताची वेळ लावलेली असून ज्याचा ज्याचा गजर साडेपाचला आहे त्याच्या घरी लाईट आली की हे घड्याळ वाजणार, मग रात्रीचे दोन असोत की दुपारचे चार. ज्यानं बनवलं त्याच्या घरी एक तर लाईट जात नसेल नाहीतर तो साडेपाचला उठत नसेल.

ह्याची उलटी बाजू जास्त वाईट आहे. समजा पहाटे पाचला लाईट गेली आणि साडेसहाला आली, तर गजर झालाच नाही, कारण आत बॅटरी नाही. चारशे रुपयाचं सेलवरचं घड्याळ हे काम निमूट करतं आणि हे अडीच हजाराचं इंटरनेटवालं करत नाही, मग त्याला गजराचं घड्याळ तरी कशाला म्हणायचं.

मी म्हणालो पॉवर बँक लावू. लावली. तर पॉवर बँकेचं असं असतंय की बऱ्याच जातीच्या पॉवर बँका चार्जिंगवरून बॅटरीवर येताना क्षणभर सप्लाय तोडतात, तेवढ्यात घड्याळ परत चालू होतं आणि परत 1970. काही पॉवर बँका तर एवढा थोडा करंट ओढला जातोय म्हणून थोड्या वेळानं आपोआप बंदच होतात. शेवटी भाच्यानं जो उपाय केला तोच खरा. डीएस3231 नावाचं एक आरटीसी मॉड्यूल मिळतं, नाण्यासारखा सेल असलेलं. ते लाईट असो नसो टाइम धरून ठेवतं आणि चुकतं ते वर्षाला साधारण एखादं मिनिट, ते सुद्धा नेट आलं की दुरुस्त होणार. बोर्डाच्या मागं चार पिनचा एक कनेक्टर आहे, त्यात 3.3 व्होल्ट, ग्राउंड आणि 22 आणि 27 नंबरच्या पिना मिळतात, त्यावर हे बसतं. त्या मॉड्यूलवर सेल चार्ज करायचं सर्किट दिलेलं असतंय, जे चार्जिंगवाल्या सेलसाठी आहे, आणि आपल्याकडं दुकानदार हातात साधा सीआर2032 देतो जो चार्ज करायचा नसतो. भाच्यानं तिथला बारीक रेझिस्टर सोल्डर गननं उचलून टाकला. 3.3 व्होल्टवर तसा धोका कमी असतो म्हणे, पण खाटेच्या शेजारी ठेवायची वस्तू आहे तर कशाला रिस्क. हे कुणी सांगत नाही म्हणून मुद्दाम लिहितोय.

मॉड्यूल आणि पॉवर बँक दोन्ही लावल्यावर आता लाईट गेली-आली तरी आईला पत्ता लागत नाही. कोडमधे त्यानं एक ओळ पण घातली, साल 2024 च्या आधीचं दिसलं तर गजर वाजवायचा नाही. एक ओळ! ती विकणाऱ्याला घालता आली नसती काय?

अजून एक भारतीय भानगड. सेटिंगच्या पानावर टाइम झोन पूर्ण तासातच होता, पाच नाहीतर सहा. साडेपाच नाहीच. भाच्यानं पहिल्याच दिवशी कोडमधे 19800 सेकंद, म्हणजे साडेपाच तास टाकले होते, म्हणून भागलं. पण ज्याला कोड येत नाही त्यानं काय करायचं, अर्धा तास मनातल्या मनात मिळवायचा? मी विकणाऱ्याला मेसेज टाकला तर उत्तर आलं की 'कम्युनिटीनं फिक्स केलेलं व्हर्जन घ्या'. बघा, हॅकेबल म्हणजे काय ते इथं कळतं. विकणाऱ्याच्या तोंडी त्याचा अर्थ होतो 'राहिलेलं काम तुम्ही करा'. सुताराकडून पाट आणला आणि रंधा मारायचा राहिलाय तो तुम्हीच मारून घ्या म्हटलं, तर कोण ऐकून घेईल?

आता रात्रीच्या उजेडाबद्दल, कारण उशाशी ठेवायच्या वस्तूत गजराच्या खालोखाल हेच महत्त्वाचं आणि जाहिरातीच्या फोटोत हेच कधी दिसत नाही. एलसीडी स्क्रीनमधे काळं म्हणजे काळं नसतं, मागचा दिवा पेटलेलाच असतो. अंधाऱ्या खोलीत तो राखाडी-निळा उजेड भिंतीवर पडतो. उजेडाचा सेन्सर आहे, पण तो डब्याच्या आत इतका मागं बसवलाय की त्याला दिवसासुद्धा रात्रच वाटते. आईचं म्हणणं साधं होतं, "रात्री मला चष्मा न लावता टाइम दिसला पाहिजे आणि न बघितलं तर काही दिसलं नाही पाहिजे." ही एवढी मागणी पुरी करायला भाच्याची एक अख्खी संध्याकाळ गेली. आता रात्री दहानंतर फक्त लाल आकडे, अख्ख्या स्क्रीनभर मोठे, तास आणि मिनिट, बाकी हवामान, वायफायची खूण, तारीख सगळं गायब, आणि मागचा दिवा अगदी शेवटच्या पायरीवर. बोर्डावर मागं एक रंगीत एलईडी पण आहे, ती उगाच लुकलुकायची, ती बंद केली. तेवढं झाल्यावर आईनं पहिल्यांदा 'चांगलं आहे' म्हटलं.

टच स्क्रीन दाबायची जुन्या पद्धतीची आहे, बोट नुसतं टेकून चालत नाही, दाबावं लागतं. दिवसा हे बरं आहे, कणकेच्या हातानं सुद्धा नखानं दाबलं की चालतं. पण पहाटे गजर बंद करायला स्क्रीनच्या कोपऱ्यातली एक बारीक फुली अचूक दाबायची? झोपेत? आईला वरून थोबाडीत मारल्यासारखं करून गप्प करता आलं पाहिजे असं घड्याळ हवं होतं, आणि मला वाटतं सगळ्यांना तेच हवं असतं. वर एक मोठं पुश बटन बसवलं, 35 नंबरच्या पिनेवर, त्या पिनेला बाहेरून 10 किलोओहमचा रेझिस्टर द्यावा लागतो नाहीतर बटन भुताटकी झाल्यासारखं आपोआप दाबलं जातं. बटन दहा-वीस रुपयाचं. वाजलं की मार थाप, पाच मिनिटं गप्प. दोन थापा, पूर्ण बंद.

ह्यावरून एक जुनी गोष्ट. असलं घड्याळ ही काही नवी आयडिया नाही. अमेरिकेत 2008 साली चम्बी नावाची वस्तू विकायला आली होती, 179 डॉलरला, गादीच्या लोडासारखी मऊ, पुढं 3.5 इंची टच स्क्रीन, आत लिनक्स. पिळलं तर त्याला कळायचं, म्हणजे आत तसला सेन्सरच होता. बनी म्हणून ओळखला जाणारा अँड्र्यू हुआंग त्याच्या हार्डवेअरमागं होता आणि त्यांनी सर्किटचे नकाशेसुद्धा उघडे करून ठेवले होते, या आणि पाहिजे ते करा. नेटवरून बातम्या, हवामान, फोटो, गजर, सगळं त्यात यायचं. 2012 ला कंपनी बंद पडली. आता गंमत बघा, 2010 साली सोनीनं डॅश नावाचं मोठं, चकचकीत, तसलंच उशाशी ठेवायचं यंत्र आणलं होतं, चम्बीच्याच सॉफ्टवेअरवर. ते 2017 च्या जुलैत सर्व्हर बंद झाल्यावर संपलं, लोकांच्या खाटेजवळ नुसता डबा राहिला. आणि जी कंपनीच बुडाली तिची चम्बी मात्र चालत राहिली, कारण कंपनीतलाच जुना सॉफ्टवेअरवाला ड्वेन मॅक्सवेल त्याच्या मागं लागला आणि 2014 ला महिन्याला 3 डॉलरवर सर्व्हिस परत चालू केली. फ्रान्सच्या नाबाझताग नावाच्या कानवाल्या सशाचं पण असंच, 2005 चा, 2011 ला सर्व्हर गेला, पुढं हौशी लोकांनी आत नवीन बोर्ड घालून तो जिवंत केला.

भाचा हे सांगताना फार खूश होता, त्याला वाटत होतं की बघा, हॅकिंगची मजा. मला त्यातून दुसरंच दिसलं. आई कधी कोड लिहिणार नाही, मी पण नाही. पण कोड उघडा असला की कंपनी गेली तरी वस्तू कचऱ्यात जात नाही, कुणीतरी भाचा कुठंतरी असतोच. एवढ्यासाठीच मला ते हॅकेबल पाहिजे. ट्रॅक्टर असो नाहीतर मिक्सर, आमच्याकडं वस्तू घेताना पहिला प्रश्न असतो, "रिपेर होतंय काय, आणि पार्ट मिळतात काय?" वायफायच्या वस्तूला हा प्रश्न विचारायला आपण का विसरतो कुणास ठाऊक. त्यामुळं घेताना बघायचं ते हे, की नेट नसताना ते काय काय करतं, आणि विकणाऱ्याचा सर्व्हर बंद झाला तर काय राहतं. ह्या घड्याळाचं बरं हे की त्याला विकणाऱ्याचा सर्व्हरच नाही. ॲप नाही, अकाउंट नाही, मोबाईल नंबर आणि ओटीपी नाही. पहिल्यांदा चालू केलं की स्वतःचं वायफाय सोडतं, मोबाईलवरून 192.168.4.1 उघडायचं, घरच्या वायफायचा पासवर्ड द्यायचा, संपलं. फक्त राउटर 2.4 गिगाहर्ट्झचा पाहिजे, 5 वाला त्याला दिसत नाही, नवीन राउटरवर दोन्हीची नावं वेगळी करून ठेवा.

हवामान ओपन-मेटिओ नावाच्या फुकटच्या साइटवरून येतं, त्याला पासवर्डसारखी 'की' वगैरे काही लागत नाही, अक्षांश-रेखांश द्यायचे, बेळगावला 15.85 आणि 74.50. बरं चालतं, पण आमच्याकडच्या पावसाचं तुम्हाला माहीत आहे, खानापुरात धो-धो आणि वडगावात ऊन, त्यामुळं त्यावर विसंबून वाळवणं घालू नका.

आता आईला त्यात खरं काय पाहिजे होतं ते ऐका. हवामान नको, बातम्या नकोत, शेअर तर मुळीच नकोत. तिला पाहिजे होती तिथी. आज एकादशी आहे काय, आणि संकष्टीला चंद्रोदय किती वाजता. ह्यातला चंद्रोदय फार महत्त्वाचा, कारण उपास त्यावर सुटतो, आणि कॅलेंडरवर मुंबईची वेळ ठळक असते, आमची काही मिनिटं वेगळी. दुसरं, नळाचं पाणी. शहरात काही वॉर्डात चोवीस तास पाणी आहे, बाकीच्यांची पाळी असते, आणि आमच्या भागात पाळी कधी हे शेजारणींच्या डोक्यात असतं, कॅलेंडरात नाही. पावसाळ्यात राकसकोप धरण किती भरलं हे पण तिला बघायचं असतं, पेपरात पहिलं तेच बघते. दुकानात मिळणाऱ्या कुठल्याच स्मार्ट घड्याळात ह्यातलं काही नाही आणि येणारही नाही, कारण बनवणारा चीनमधे शेनझेनला बसलाय, त्याला संकष्टी काय माहीत.

भाच्यानं सोपं केलं. मेमरी कार्डवर एक साधी टेक्स्ट फाइल, एका ओळीत तारीख आणि त्यापुढं काय दाखवायचं ते. आईनं पंचांग घेऊन वर्षभराच्या संकष्ट्या आणि चंद्रोदय वाचून दाखवले, त्यानं टाइप केले. नळाच्या दिवसाला मोबाईलवरून घड्याळाचं पान उघडून एक बटन दाबायचं, पुढची पाळी ते स्वतः मोजतं. राकसकोपचा आकडा अजून हातानंच भरावा लागतो, तो कोण भरतंय, त्यामुळं ते राहिलं.

पण मराठी दाखवायला गेलं आणि तिथं पोरगं घाईला आलं. ह्या बोर्डाच्या साध्या लायब्ररीत, म्हणजे अक्षरं दाखवायच्या तयार कोडात, देवनागरी अक्षरं एकेक सुटी छापली जातात, जुळवाजुळव होत नाही. 'तिथी' लिहिलं तर पहिली वेलांटी त च्या आधी यायच्या ऐवजी त च्या मागं जाऊन थ ला चिकटली. 'संकष्टी'तला ष पाय मोडून एकटा उभा आणि ट शेजारी वेगळा. 'चंद्रोदय' तर वाचवेना. आईनं बघितलं आणि विचारलं, "हे कानडी आहे काय?" शेजारच्या अज्जी कानडी, त्या तिथंच बसल्या होत्या, त्या म्हणाल्या आमचं पण नाही हे. कानडी लिहून बघितलं तर ते पण तसंच मोडलं. गाडीवर आणि दुकानावर पाटी कुठल्या भाषेत ह्यावरून आमच्या गावात एवढी वर्षं भांडणं, आणि ह्या डब्यानं दोघांना एकाच मापानं मोजलं.

उपाय असा निघाला की शब्द घड्याळात लिहायचाच नाही. कॉम्प्युटरवर नीट फॉन्टमधे लिहून त्याची छोटी चित्रं करायची आणि कार्डवर टाकायची, घड्याळ नुसतं चित्र दाखवतं. संकष्टी, एकादशी, पौर्णिमा, अमावास्या, आज नळ, उद्या नळ, अशी बारा-पंधरा चित्रं पुरतात. अज्जींना पण असलंच एक पाहिजे झालंय, त्यांच्यासाठी कानडी चित्रांचा वेगळा फोल्डर. मधनं मधनं त्या दारातनं विचारतात, "टायम एष्टु आत्री?", म्हणजे किती वाजले, आणि आई आतनं कानडीत सांगते. आकडे मात्र दोघींना एकच चालतात, ते एक बरं.

सुरक्षेचं थोडक्यात. हॅकेबल म्हणजे आपल्याला उघडं, पण चोराला पण उघडं असायला नको. पार्सलमधून आलेल्या व्हर्जनमधे घड्याळाच्या पानाला पासवर्डच नव्हता, घरच्या वायफायवर जो असेल तो गजर बदलू शकतो आणि पूर्ण नवा कोडसुद्धा चढवू शकतो. आमच्याकडं पाहुणे आले की पहिला पासवर्ड वायफायचाच विचारतात, तेव्हा हिशोब करा. 2016 ला मिराई नावाच्या व्हायरसनं लाखो कॅमेरे आणि डीव्हीआर असेच कंपनीच्या ठरलेल्या पासवर्डवर ताब्यात घेतले होते. ब्रिटनमधे आता 29 एप्रिल 2024 पासून कायदाच आहे, असल्या वस्तूला सगळ्यांना सारखा सोपा पासवर्ड द्यायचा नाही, आणि सुरक्षेचे अपडेट किमान किती काळ देणार ते विकतानाच सांगायचं. आपल्याकडं डब्यावर एमआरपी असते, एवढी एक तारीख अजून छापायला काय हरकत आहे. आम्ही पासवर्ड घातला आणि घड्याळ राउटरच्या गेस्ट नेटवर्कवर, म्हणजे घरच्यापेक्षा वेगळ्या वायफायवर टाकलं. ह्यात माईक आणि कॅमेरा दोन्ही नाहीत, आणि झोपायच्या खोलीत ठेवायच्या वस्तूत ते नसणं हा मी फायदाच धरतो.

स्पीकरबद्दल, गजर ठीक, पण गाणं ऐकायच्या लायकीचा नाही, वाजत नसताना सुद्धा बारीक सूं आवाज येतो. शांत खोलीत तो ऐकू येतो. गजर नसताना ॲम्प्लिफायर बंद ठेवता येत नाही ह्या बोर्डात, त्यामुळं भाच्यानं स्पीकर काढून तिथं बझर टाकलाय, कर्कश आहे पण उठवतो.

कुणी घ्यावं? भाचा, पुतण्या, शेजारचं पोरगं, कुणीतरी हाताशी असेल तर जरूर घ्या, तीन हजाराच्या आत असं घड्याळ होतं जे कुठल्या कंपनीकडं मिळत नाही. एकटे असाल आणि नुसता गजर पाहिजे असेल तर नको. आणि जे विकतात त्यांना माझं म्हणणं, आरटीसी आणि वरचं बटन हे दोन पार्ट आधीच घालून तीनशे रुपये जास्त घ्या, आनंदानं देऊ.

एक काम राहिलंय. आईला सकाळी त्यातच आकाशवाणी सांगलीची भक्तिगीतं पाहिजेत, नेटवरून. ह्या बोर्डात जास्तीची मेमरी, म्हणजे पीएसरॅम, नाही, त्यामुळं सुरक्षित लिंकवरनं रेडिओ चालवला की तो अडखळतो आणि मधेच घड्याळच परत चालू होतं. भाच्याच्या म्हणण्याप्रमाणं 8 एमबी पीएसरॅम असलेला ईएसपी32-एस3 चा बोर्ड घेतला तर हे जमेल. त्यामुळं तुम्हाला रेडिओ पाहिजे असेल तर घेताना विकणाऱ्याला एवढं एक विचारा, पाचशे-सातशे जास्त जातील. अज्जींचं घड्याळ आम्ही त्याच बोर्डावर करणार आहोत, भाच्याची परीक्षा संपली की.